धनेश म्हात्रेची आंब्यात अडकलेली मशीन

किहीमच्या धनेश म्हात्रेला माडावर चढता येतं, आणि तेवढ्यावरच तो थांबला असता तर त्याचं हसं झालं नसतं, असं तो स्वतःच सांगतो. नारळ पाडायचे, झावळ्या उतरवायच्या, कुणाच्या कौलांवर आलेली फांदी छाटायची, अशी कामं तो वीस वर्षं करत होता. मग निसर्ग वादळ आलं. वाडीवाडीत झाडं आडवी झाली आणि धनेशने पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या करवतीची एक जुनी कटर मशीन घेतली. त्या दोन महिन्यांत कुणी भाव विचारला नाही, 'कधी येतोस' एवढंच विचारलं. धंदा असाच असतो असं धनेशला वाटलं. वादळ काही दर वर्षी येत नाही, हे ध्यानात यायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

त्यात एका बंगलेवाल्या बाईंनी पाहुण्यांना त्याची ओळख 'आमचे ट्री सर्जन' अशी करून दिली. झालं. धनेशने अलिबागला जाऊन तशी कार्डं छापून आणली. गावात त्याला डॉक्टर म्हणू लागले. नाक्यावर कुणी तरी विचारायचंच, "डॉक्टर, आमच्या चिंचेला ताप हाय, कधी येताव?" चेष्टा आहे हे त्याला कळायचं, तरी आतून बरं वाटायचं.

सर्जन म्हटल्यावर हत्यारही तोलामोलाचं हवं. त्याने नवी मोठी मशीन घेतली आणि जुनी रेवदंड्याच्या नजमुद्दीनला विकून टाकली. नजमुद्दीन कुवेतहून परत येऊन याच कामात पडला होता.

"दोन्ही ठेवा की," बायको किशोरी म्हणाली. "एक बंद पडली तर?"

"नवीन मशीन बंद पडत न्हाय," धनेश म्हणाला. हे वाक्य दुकानदाराचं होतं, पण त्याने ते स्वतःच्या अनुभवाचं असल्यासारखं म्हटलं.

गेल्या नोव्हेंबरात विनिताताईंचं काम आलं. त्यांची समुद्राजवळ पाहुण्यांना द्यायची कॉटेजं आहेत. एकाच्या कौलांवर रायवळ आंब्याची मांडीएवढी जाड फांदी ओणवली होती, आणि दुपारच्या बोटीने पाहुणे यायचे होते. धनेश दोर बांधून वर चढला, फांदीही वरच्या बेचक्यातून दोराने तोलून धरली. खाली ताई मोबाइल घेऊन उभ्या. "मी थोडं शूटिंग करते हं, आमच्या पेजवर टाकायला," त्या म्हणाल्या.

धनेशने पोट आत घेतलं. अशा फांदीला आधी खालून बोटभर खाच घ्यायची आणि मग वरून कापायचं, हे त्याला झोपेतही येतं. पण मोबाइलकडे कोणती बाजू करावी या विचारात त्याने खालूनच निम्मी फांदी कापली. फांदी स्वतःच्या वजनाने खाली बसली आणि मशीनची पट्टी तिने गच्च धरली. त्याने जोर दिला तशी मशीन घरघरून बंद पडली. मशीन सुरू करायची दोरी ओढली, पुन्हा ओढली, बोटं सोलवटली. मशीन ढिम्म.

हातकरवत घरी होती. सर्जन हातकरवत घेऊन फिरतो का, असं त्याला सकाळीच वाटलं होतं. कोयत्याने घाव घालावे तर हिसक्याने दोर सरकून अर्धी तुटलेली फांदी थेट कौलांवर.

"काही अडचण?" खालून ताईंनी विचारलं.

"न्हाय ताई, थंड होऊ देतोय."

दहा मिनिटांनी त्याने झाडावर बसूनच नजमुद्दीनला फोन लावला आणि मशीन अडकल्याचं सांगितलं.

"धनेशभाई, खरं सांग," नजमुद्दीन म्हणाला, "मशीन अडकली का इज्जत?"

"दोन्ही."

रेवदंड्याहून यायला नजमुद्दीनला तासाहून जास्त लागला. तेवढा वेळ धनेश झाडावरच राहिला. उतरायला काही हरकत नव्हती, पण उतरलं की ताईंशी बोलावं लागलं असतं. ताईंनी चहा पाठवला, तोही दोराला पिशवी बांधून वर घ्यावा लागला. माळी खालून म्हणाला, "डॉक्टर, कात्री पेशंटच्या पोटातच राहिली म्हणायची." धनेशला हसू आलं आणि चहा नाकात गेला.

नजमुद्दीन आला तो तीच जुनी मशीन घेऊन. पहिल्याच ओढीला ती सुरू झाली. त्याने वर चढून फांदीची टोकं एकेक करून उतरवली, वजन हलकं केलं, वरून कापलं. दोर दोघांनी धरला. कौल एकही फुटलं नाही. पाहुणे आले तेव्हा दोघं पाला झाडत होते.

अलिबागच्या मेकॅनिकने मशीन उघडली आणि आतला चिकट साका बोटावर घेऊन दाखवला. "पेट्रोल पडून राहिलं की असं होतं. पावसाळ्याआधीचं घातलंत का?"

धनेशने ठासून नाही म्हटलं. किशोरी शेजारीच उभी होती. "गोठ्यातला कॅन," ती म्हणाली. "मे महिन्यातला." मेकॅनिक बोटं पुसू लागला.

सुटा भाग मुंबईहून यायला तीन आठवडे गेले. हंगाम भरात, हातात मशीन नाही. धनेश नजमुद्दीनच्या हाताखाली दोर धरायला गेला. पहिल्या दिवशी मान वर होईना. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की हा माणूस दुपारी जेवणाआधी साखळीला कानस मारतो, संध्याकाळी टाकी रिकामी करतो, आणि हातकरवत कमरेला बांधल्याशिवाय चढत नाही. यातलं धनेशला माहीत नव्हतं असं काहीच नव्हतं. फक्त तो ते करत नव्हता.

आता दोघं मिळून कामं घेतात, झाडाखाली दोन मशीन असल्याशिवाय कुणी वर चढत नाही. साहजिकच त्यांचा भाव इतरांपेक्षा जास्त पडतो. मागच्या महिन्यात अलिबागमध्ये एका गृहस्थांनी विचारलं, "दुसरा माणूस निम्म्यात करतो. तुम्हाला दोन माणसं, दोन मशीन कशाला?"

धनेशने मग त्यांना आंब्याची सगळी हकिगत सांगितली, पोट आत घेतल्यापासून कॅनपर्यंत, काही न लपवता. गृहस्थ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दोघांना सरबत पाजलं. आणि काम त्या दुसऱ्याला दिलं.

"पुढच्या वेळेला," गाडीला किक मारत नजमुद्दीन म्हणाला, "गोष्ट काम झाल्यावर सांग."

धनेश मागे बसला. चोंढीपर्यंत दोघंही हसत होते. तिथे किशोरीचा फोन आला, की थळला सुरूचं एक झाड विजेच्या तारेकडे कललं आहे आणि घरचे लोक घाबरलेत. धनेशने तिला आधी विचारलं, कॅनमधलं पेट्रोल कालचं आहे की परवाचं.