स्वयंपाकाला दिलेली आजी

हुबळीहून धारवाड वीसेक किलोमीटर. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं सकाळी बसला लोंबकळत जायची आणि संध्याकाळी तशीच परत यायची. मला मात्र नवनगर यायच्या आत उलटी व्हायची. एखादे दिवशी नाही, रोज. एकोणीसशे नव्वदच्या दशकातली गोष्ट, बीएस्सीचं पहिलं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. आठवड्याभरात कंडक्टर मला ओळखायला लागला आणि मी चढलो की ओरडायचा, "खिडकी सोडा हो, साहेब आले!" शनिवारी घरी येऊन मी सांगून टाकलं, मला शिकायचंच नाही, मी दुकानात बसतो.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं कापडाचं दुकान. पण वडिलांना, अप्पांना, मी तिथं नकोच होतो. गिऱ्हाइकानं "रंग जाईल का हो?" एवढं विचारलं तरी मला घाम फुटायचा आणि मी "जाईल बहुतेक" म्हणायचो. तेव्हा धारवाडात खोली घ्यायचं ठरलं. मेसचं जेवण या नाजूक पोटाला झेपणार नाही, म्हणून बरोबर आजी द्यायची. आमच्या माणसांत ही रीतच होती. पोरगं धारवाडला शिकायला निघालं की त्याच्याबरोबर गादी, वातीचा स्टोव्ह, पिठाचा डबा आणि घरातलं एक म्हातारं माणूस पाठवायचं. आजीला कुणी विचारलं नाही. स्टोव्हला तरी कुठं विचारलं होतं?

आजी म्हणजे अप्पांची आई. लग्न होऊन आल्यापासून पंधरा-वीस माणसांचं रांधत आलेली. हुबळीच्या घरात तिचा आवाज मी "ताटं घ्या" एवढाच ऐकला होता. मला वाटलं, चला, निदान जेवणाची तरी काळजी मिटली. बाकीच्या काळज्या माझ्या मी बघतो. त्या भरपूर होत्या. हजेरीला "प्रेझेंट सर" म्हणताना आवाजच फुटला नाही तर? सगळे इंग्रजीत बोलायला लागले तर? प्रयोगशाळेत काचेचं काही फुटलं तर? कुलूप लावून खाली उतरलो की मी परत वर जाऊन ते ओढून बघायचो.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आलो तर दाराला कुलूप. सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावरची खोली. जिन्यात बसलो. भुकेनं पोटात कावळे ओरडत होते आणि डोक्यात आजीचे अपघात चालले होते. रिक्षानं उडवलं असेल. चक्कर आली असेल. आता अप्पांना फोन कसा करायचा, काय सांगायचं, "आजी हरवली" म्हणायचं की "सापडत नाही" म्हणायचं, याचीही मी तयारी करून ठेवली. साडेपाचला आजीबाई छत्री टेकत वर आल्या. चेहरा नुसता फुललेला.

"कुठं होतीस?"

"कोर्टात."

मी ताडकन उठलो. "कुणी नेलं? काय केलंस तू?"

"अरे भागूबाई, मी कशाला काय करू? भाजी आणायला गेले होते. कोर्टासमोर ही गर्दी! म्हटलं बघावं तरी. आत बसायला बाक आहे, डोक्यावर पंखा आहे, पैसे पडत नाहीत. दोघं सख्खे भाऊ एका विहिरीसाठी भांडतायत. थोरला लबाड आहे, सांगून ठेवते."

"आणि जेवण?"

तिनं पिशवीतून दोन केळी काढली. भाजी आणायचं ती विसरलीच होती.

मला वाटलं, एखाद्या दिवसाची मजा. कसली एखाद्या दिवसाची! बाईंना कोर्टाचा नादच लागला. सकाळी माझ्याआधी वेणीफणी करून तयार. दारातला शिपाई "बर्री अज्जी, कुंदर्री", या आजी, बसा, म्हणून पुढच्या बाकावर जागा करून द्यायचा, हे ती मला मोठ्या तोऱ्यात सांगायची. कोर्टाला सुट्टी असली तर स्टेशनवर जाऊन बसायची, गाड्या बघत. कुणाच्या दारात गाण्याची बैठक असली तर तिथं. एकदा तर कॉलेजच्या टेकडीवर, भर मैदानात, अनोळखी पोरींच्या घोळक्यात बसून शेंगा खाताना दिसली. माझ्या वर्गातली पोरं बरोबर होती. मी मान खाली घालून सटकायला बघतोय, तोवर हाक आलीच, "ए बाळ, किल्ली घेऊन जा!" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आणि घरी आलं की केळी. नाहीतर चुरमुरे. महिन्याभरात मी आणखी वाळलो. शेवटी एका संध्याकाळी माझा पारा चढला. म्हटलं, "आजी, तुला इथं कशाला पाठवलंय, ठाऊक आहे ना? स्वयंपाकाला!"

ती खाटेवर पाय हलवत बसली होती. शांतपणे म्हणाली, "मला स्वयंपाक आवडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आवडत नाही. कधीच आवडला नाही. धूर आवडत नाही, हाताला कांद्याचा वास आवडत नाही, आणि कुणी जेवताना तोंडाकडं बघत बसायचं, मीठ झालं का, तिखट झालं का, ते तर मुळीच आवडत नाही."

"मग इतकी वर्षं?"

"मला कुणी विचारलं?"

पण म्हणून सूड माझ्यावरच का, हे मला आजही कळलेलं नाही. घरात एवढी माणसं, सगळ्यांना जेवू घालून झालं आणि माझ्या ताटाशी येऊन बाई थांबल्या. कपाळ माझं!

दुसऱ्याच दिवशी मी अप्पांना एसटीडी बूथवरून फोन केला. "काही करा, पण मला हॉस्टेलात सीट बघा." का ते सांगितलं नाही, सांगायला जीभ रेटली नाही. त्यानंतर दर आठवड्याला फोन आणि दर आठवड्याला तेच रडगाणं. सीट मिळत नव्हती. भूक तर रोज लागत होती. तेव्हा मीच स्टोव्ह पेटवला.

आजी शिकवायची, पण खाटेवरून. उठायची म्हणून नाही. "खोबरं अजून भाज. अरे काळं नको, तांबूस. धणे आता. तीळ शेवटी, नाहीतर उडतील डोळ्यात." आमटी पंधरा दिवसांत जमली. भाकरीनं मात्र माझ्या नाकी नऊ आणले. गरम पाण्यात पीठ मळायचं, थापायची, अलगद उचलून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा. माझी उचलतानाच तुटायची. "फाटली? असू दे. पोटात गेल्यावर कोण जोडून बघतंय?" असं म्हणून ती तुकडे मुकाट्यानं खायची आणि खाता खाता विहिरीच्या खटल्यात आज काय झालं ते सांगायची. उद्या माझं प्रॅक्टिकल, मी हातात पुस्तक धरून भाकऱ्या भाजतोय आणि ही मला थोरल्या भावाची लबाडी समजावून सांगते आहे!

एक दिवस तिनं मलाही कोर्टात नेलं. ओढूनच म्हणा ना. आयुष्यात पहिल्यांदा तास बुडवला होता, सगळं गाव माझ्याकडंच बघतंय असं वाटत होतं. आत एक वकील उभे होते, पोट सुटलेले, केस पिकलेले. न्यायाधीशांनी त्यांना काहीतरी विचारलं आणि गृहस्थांची पार त-त-प-प झाली. कागद चाळले, घाम पुसला आणि शेवटी म्हणाले, मुदत मिळावी. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली आणि विषय संपला.

"बघितलंस?" आजी बाहेर आल्यावर म्हणाली. "एवढा मोठा माणूस, त्यालाही येत नाही. काय झालं? छप्पर कोसळलं? येत नसेल तर तारीख मागून घ्यायची."

पुढच्या आठवड्यात केमिस्ट्रीच्या सरांनी मला उभं केलं. उत्तराचा पत्ता नाही. कशी कोण जाणे, तोंडातून मोडक्या इंग्रजीत वाक्य बाहेर पडलं: उद्या वाचून येऊन सांगतो. सर "ओके" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सांगितलंही. घरी येऊन आजीला म्हटलं तर ती म्हणाली, "बरं झालं. आमटीला चिंच संपली आहे." कौतुक करायचं वेळेवर सुचेल तर शपथ!

संक्रांत झाल्यावर एका रविवारी अप्पा न सांगता आले. मी स्टोव्हपुढं, हात कोपरापर्यंत पिठात. आजी खिडकीत पेपर वाचत बसलेली. जिन्यावर अप्पांचं खाकरणं ऐकू आलं मात्र, ही सत्तरीतली बाई खाटेवरून अशी उडाली की मी बघतच राहिलो. "सरक!" म्हणून तिनं मला कोपरानं बाजूला केलं, पदर खोचला, परातीत हात घातले आणि अप्पा दारात आले तेव्हा चेहऱ्यावर जन्माचे कष्ट घेऊन भाकरी थापत होती. मी कोपऱ्यात, पिठाचे हात पाठीमागं लपवून.

अप्पा जेवायला बसले. आमटीचा पहिला भुरका मारला आणि डोळे मिटले. "आईच्या हातची चव ती आईच्या हातची चव. तुझी आई एवढं करते, पण ही काही तिला साधत नाही."

आयत्या बिळावर नागोबा! मी आजीकडं डोळे वटारून बघितलं. तिनं अप्पांना आणखी एक भाकरी वाढली. माझी.

जेवण झाल्यावर अप्पांनी पान लावलं आणि म्हणाले, "आई, सामान बांध. याची काकू बाळंतपणाला माहेरी गेली आहे, घरात करणाऱ्या हातांची ओढाताण होते आहे. आणि याचंही काम झालं. हॉस्टेलात सीट मिळाली, उद्यापासून राहायचं. सारखा जीव खात होता माझा."

ज्या सीटसाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो, ती मिळाली. मला आनंद व्हायला हवा होता. मी आजीकडं बघितलं. वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. कोर्टातल्या सगळ्या वकिलांना नावं ठेवणारी बाई, गप्प कशी बसेल?

ती "बरं" म्हणाली. हुबळीच्या घरात म्हणायची तसंच, खाली बघून. उठली, दोरीवरचं लुगडं काढलं आणि घडी घालायला लागली. घडी जमेना. काठाला काठ लागेना. तिनं ती तीनदा मोडून पुन्हा घातली. मी कुलूप लावून परत परत ओढून बघायचो, अगदी तसं. जगात कशालाच न भिणारी माझी आजी भ्यायली होती आणि नुसतं बरं म्हणून घडी घालत होती. मला तिचा राग आला आणि तितकंच वाईट वाटलं.

"अप्पा, मला हॉस्टेल नको."

"काय?" अप्पांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. "अरे तूच ना बोंबलत होतास?"

"होतो. पण... तिथलं जेवण. पोट बिघडतं. मला आजीच्या हातचंच लागतं. परीक्षा तोंडावर आहे. ती गेली तर मी नापास होईन." आवाज फाटला, मध्ये दोनदा अडकलो, पण बोललो. अप्पांच्या तोंडाला तोंड देऊन एवढं मी तोवर कधीच बोललो नव्हतो.

अप्पांनी रिकाम्या ताटाकडं बघितलं. "तेही खरंच म्हणा. अशी आमटी हॉस्टेलात कोण घालणार?" मग कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणजे घरी आता स्वयंपाकाला बाईच ठेवायला लागणार."

"ठेव की," आजी घडीकडं बघत म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हाच ठेवायला हवी होती."

अप्पांनी ते हसण्यावारी नेलं आणि पावणेचारच्या बसला गेले. ते कोपऱ्यावरून वळले आणि मी जो बोलत सुटलो तो सुटलो. हातातली सीट गेली, मित्र झाले असते, आयतं जेवण मिळालं असतं, भाकऱ्या मी थापायच्या आणि नाव हिचं व्हायचं, वर अप्पांशी खोटं बोललो ते वेगळंच! आजी अर्धवट घडीचं लुगडं मांडीवर घेऊन ऐकत बसली होती.

माझा दम संपल्यावर म्हणाली, "माझ्या जन्मात माझ्यासाठी कुणी खोटं बोललं नव्हतं रे."

आणि रडायला लागली. तोंडाला पदर न लावता, लहान पोरासारखी. रडणाऱ्या माणसाजवळ काय करतात, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. तिच्याजवळ जाऊन बसलो. तिनं माझा हात धरला, पीठ वाळून तडकलेला, आणि सोडलाच नाही.

"अजून अडीच वर्षं आहेत डिग्रीला," मी जमेल तेवढ्या रागानं म्हटलं. "रोज मी करायचं, एवढं लक्षात ठेव."

"ठेवते," ती म्हणाली. "आणि तू नापास होऊ नकोस."

मी हात सोडवून घेतला आणि अप्पांचं ताट घासायला गेलो.