उतारावरची किल्ली

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला. हडपसरच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोल खात्यात होतो. समोर आलेला सुटा भाग उलटसुलट बघायचा, गेजमध्ये घालून पाहायचा आणि पसंत नाही पडला तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, एवढंच काम. ठिपका दिला की तो भाग बनवणारा कामगार माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा, तिला मी आदर समजत असे. पुढे देशाची दारं उघडली, बाहेरचा माल आत आला आणि आमचा माल गोदामातच राहिला. मग कंपनीने आम्हा सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची होती, निवृत्त आम्ही झालो.

हातात आलेल्या पैशातून मी एक जुना पिकअप घेतला. लहानसा, पेट्रोलवरचा, पुढे दोघांची जागा आणि मागे उघडा हौदा. मार्केट यार्डातून भाजी उचलायची आणि ठिकठिकाणी पोचवायची, असा बेत होता. आठ दिवसांत कळलं की हमालांशी हुज्जत घालायला जो स्वभाव लागतो तो माझ्याकडे भरपूर आहे, पण हमालांकडे त्याहून जास्त आहे. शेवटी धंदा केला तो बायकोने. आमच्या कारखान्याच्या जागेवर काचेच्या दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिथे कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या, नागपूर-अमरावतीहून आलेल्या पोरांना दुपारी साधं वरण, भात, पोळी-भाजी हवी असते, हे तिने हेरलं आणि दोन्ही इमारतींच्या कॅन्टीनचं काम मिळवलं. स्वयंपाक तिचा, मदतीच्या बायका तिने शोधलेल्या, भाजी निवडून घेणारीही तीच. माझ्याकडे स्टिअरिंग होतं. नातेवाइकांना मात्र मी ‘आम्ही केटरिंग करतो’ असं सांगत असे.

पेठेतलं घर सोडून आम्ही बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला राहायला आलो होतो. तिथून मार्केट यार्डाकडे चांगला लांबलचक उतार आहे. इतरांना तो रस्ता वाटायचा, मला ते फुकट मिळालेलं पेट्रोल वाटायचं. उतार लागला की मी किल्ली फिरवून इंजिन बंद करायचो. गाडी गिअरमध्येच असायची, वजनाने खाली जायची. खाली पोचलो की किल्ली पुन्हा चालू. त्या वेळी मागे सायलेन्सरमधून ‘फट्’ असा आवाज यायचा आणि इंजिन धरायचं. त्या आवाजाने रस्त्यावरचे दोन-चार लोक दचकायचे. मला तो माझ्या हुशारीला मिळालेला सलाम वाटायचा. शेजारी बसलेली बायको सुरुवातीला म्हणाली होती, “अहो, गाडीला काही होत नाही ना असं केल्याने?” मी तिला इंजिनाची रचना समजावून सांगितली. ती मलाही पूर्ण माहीत नव्हती, पण समजावताना मी कुठेही अडखळलो नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

पाच वर्षं असं चाललं. मग गाडी चढाला धापा टाकायला लागली. सपाटीवर ठीक, पण हडपसरचा उड्डाणपूल आला की पाय ॲक्सिलरेटरवर पुरा दाबला तरी सायकलवाले पुढे निघून जायचे. इंजिन तापायचं, पायाखालचा पत्रा चटका बसेल इतका गरम व्हायचा आणि मागून सडक्या अंड्यासारखा वास यायचा. शाकाहारी जेवण घेऊन जाणाऱ्या गाडीला हा वास शोभणारा नव्हता. पीयूसीच्या टपरीवाल्याने नळी लावून बघितलं आणि म्हणाला, “काका, आज नको. जरा काम करून आणा.” पीयूसीवालाच कागद द्यायला नको म्हणतो, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं.

इकडे कॅन्टीनचा मॅनेजर. तिशीचा, गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो. जेवण सव्वाबाराला पोचलं पाहिजे असा त्याचा नियम होता. आम्ही एकदा वीस मिनिटं आणि एकदा पस्तीस मिनिटं उशिरा पोचलो. त्याने बायकोला बसायलाही न सांगता ऐकवलं, “मॅडम, थर्ड टाइम झालं तर मला व्हेंडर चेंज करावा लागेल. पर्सनल नाही, प्रोसेस आहे.” म्हणजे तिसरा उशीर झाला की तिचं काम गेलं. त्या कामावर आमचं घर चालत होतं, आणि मदतीच्या दोन बायकांचंही.

आता दोष शोधणं भाग होतं, आणि दोष शोधणं हे तर माझं खातं. मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, हौद्यात ठेवलेली पातेली पाहिली आणि निकाल दिला, “वजन जास्त होतंय. तुझी पातेली.” ती म्हणाली, “पाच वर्षं तीच पातेली आहेत.” मी म्हणालो, “गाडीचं वय वाढलं ना.” या वाक्याला काही उत्तर नव्हतं, कारण त्यात काही अर्थही नव्हता. दोन दिवस गेले. मग तिने स्वतः फोन करून दुसऱ्या इमारतीचं काम सोडलं. ते मिळवायला ती वर्षभर त्या इमारतीच्या पायऱ्या झिजवत होती. मोठं पातेलं घासून-पुसून माळ्यावर गेलं. मदतीच्या दोन बायकांपैकी एकीला तिने दुसरीकडे काम बघायला सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज कसा झाला होता ते मी आतल्या खोलीतून ऐकलं. मी बाहेर आलो नाही.

वजन निम्मं झालं. गाडी तशीच धापा टाकत राहिली. माझ्या खात्यात एखाद्याने असा निकाल दिला असता तर मी त्याच्या कपाळावर लाल ठिपका दिला असता. इथे मात्र मी म्हणालो, “सवय व्हायला वेळ लागतो गाडीला.”

मग सल्ले आले. पुण्यात गाडी बिघडली तर मेकॅनिक उशिरा मिळतो, सल्ला आधी. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी बाल्कनीतूनच पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे मत अगदी निःपक्षपाती होतं. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आयटीत. तो म्हणाला, “भावोजी, आपण रूट कॉज काढू. गाडीला लॅपटॉप लावायचा, गाडी स्वतःच एरर सांगते. फक्त एक केबल लागेल.” केबल आणायला मी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, “कशाला लावायची?” मी म्हणालो, “पिकअपला.” त्याने काउंटरवरून नजर न उचलता विचारलं, “पिकअपला कॉम्प्युटर आहे का?” मी म्हणालो, “नाही.” तो म्हणाला, “मग केबल कशाला?” मी अपमान गिळला आणि केबल घेतलीच. रविवारी मेव्हणा बॉनेट उघडून तासभर ती केबल खुपसायला भोक शोधत होता. गाडी कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. तिच्यात लॅपटॉपशी बोलणारं काही नव्हतंच. दुकानदाराला हे गाडी न बघता कळलं होतं. शेवटी मेव्हण्याने चारही प्लग बदलून घ्या म्हणून सांगितलं आणि पोहे खाऊन गेला. प्लग बदलले. गाडीने दखल घेतली नाही.

पुढच्याच बुधवारी, सकाळी सव्वाअकराला, उड्डाणपुलाच्या चढावर गाडीने उरलीसुरली ताकद सोडली आणि उभी राहिली. मागे बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. हौद्यात ऐंशी माणसांचं जेवण. हाच तो तिसरा उशीर, असं माझ्या मनात आलं. बायको खाली उतरली, पदर खोचला, दोन रिक्षा थांबवल्या, रिक्षावाल्यांच्या मदतीने पातेली आणि पोळ्यांचे डबे त्यात चढवले आणि निघून गेली. मी तिला विचारलं, “पोचशील ना?” ती रिक्षातून म्हणाली, “रिक्षा चढ चढतात.”

बसवाला बाजूने निघून गेल्यावर मी गाडी मागे घरंगळू देत पुलाच्या पायथ्याला आणली. तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये वऱ्हाडातून आलेला एक मिस्त्री काम करायचा. त्याने ना लॅपटॉप काढला, ना सल्ला दिला. मला इंजिन चालू ठेवून ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि स्वतः सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. “इकडं या साहेब, हात धरून पाहा. धूर निघूनच नाही राहिला जी.” त्याच्या हाताखालच्या पोऱ्याने माझ्या जागी बसून पाय दाबला आणि मी हात धरला. खरंच, एवढा पाय दाबूनही हाताला जेमतेम फुंकर लागत होती. मग मला परत गाडीत बसवून मिस्त्री गाडीखाली गेला आणि सायलेन्सरच्या आधी नळीवर बसवलेल्या पत्र्याच्या डब्यावर त्याने लाकडी हातोडीने दोन टोले दिले. आत काहीतरी खुळखुळलं. त्याने त्या डब्याच्या अलीकडचा जोड सैल केला आणि म्हणाला, “आता पाय द्या.” इंजिन असं काही गरजलं की शेजारचा चहावाला बाहेर आला. गाडीत ताकद होती. तिला श्वास सोडायला वाट नव्हती, इतकंच.

डबा खोलून त्याने खाली फडक्यावर उपडा केला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते, तिच्यातून जाताना विषारी धूर बराचसा निवळतो, हे मला तेव्हा कळलं. आमच्या जाळीचा अर्धा भाग वितळून गोळा झाला होता आणि उरलेल्याचे तुकडे पडले होते. मिस्त्री तो गोळा हातात फिरवत असतानाच एक रिक्षा येऊन थांबली आणि बायको उतरली. बाराला पाच कमी असताना ती पोचली होती. मॅनेजरने घड्याळ बघितलं होतं आणि त्याला बोलायला काही सापडलं नव्हतं.

“हे असं कशानं होते माहीत हाय का?” मिस्त्रीने विचारलं. “न जळालेलं पेट्रोल या डब्यात जाते अन् इथं पेटते. तुमी उतारावर गाडी बंद करता काय जी? किल्ली बंद, गिअर तसाच?”

मी गोळ्याकडे बघत राहिलो. चहावालाही उभा राहून ऐकत होता.

“अन् खाली आल्यावर किल्ली लावली का फट् करते?”

“करते,” बायको म्हणाली. “पाच वर्षं करते. घरापासून मार्केट यार्डापर्यंत.”

“तोच होय,” मिस्त्री म्हणाला. “तो फट् म्हणजे हा डबा मरते.” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतफेड केली असती, त्यात माझा हात कुणी धरत नाही. मग तो म्हणाला, “नवा महाग पडते. पाहिजे तर जाळी काढून रिकामाच डबा बसवून देतो, सगळेच करतात. पीयूसीचं आपण पाहू.” आणि बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये घालवलेल्या माझ्या तोंडात ‘चालेल’ हा शब्द आला. बायकोने तो बाहेर पडू दिला नाही. ती म्हणाली, “नवा बसवा. ही गाडी कॅन्टीनच्या दाराशी उभी असते. आत माणसं जेवत असतात.”

पेट्रोल वाचवण्यातली माझी पाच वर्षांची हुशारी त्या नव्या डब्यात गेली आणि पुरली नाही. पण मला लाज वाटली ती त्याची नाही. घरी जाताना मी म्हणालो, “दुसऱ्या इमारतीचं काम परत मागून बघूया का? आता वजनाचा प्रश्न नाही.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “वजनाचा प्रश्न कधी होता?” मग म्हणाली, “विचारलं मी परवाच. ते आता दुसऱ्या कुणाला दिलंय.” आपल्या निकालाने तिचं निम्मं काम गेलं, एका बाईची रोजीरोटी गेली, आणि आपण आतल्या खोलीत बसून राहिलो. हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसलं. चुकलो, एवढा शब्द मी तेव्हा म्हणायला हवा होता. मी म्हणालो, “सिग्नल पडलाय.”

दुसऱ्या दिवशी जेवण घेऊन निघालो. गाडी तरुण झाल्यासारखी चालत होती. बिबवेवाडीचा उतार लागला. माझा उजवा हात सवयीने किल्लीकडे गेला, पण तिथे आधीच एक हात होता. शेजारच्या सीटवरून वाकून तिने किल्ली मुठीत धरली होती. मी म्हणालो, “अगं, विश्वास नाही का?” ती म्हणाली, “गाडीवर आहे.” उतार संपेपर्यंत तिने हात काढला नाही.

पुढे तो पिकअप गेला, दुसरी गाडी आली, ती डिझेलवरची. तरी उतार लागला की तिचा हात किल्लीवर जातो, आणि मी एकदाही तक्रार केलेली नाही. मोठं पातेलं अजून माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी मीच ते खाली काढतो, घासतो आणि परत वर ठेवतो.