ताईचा गाडा

“गाडा ओढल्याशिवाय हलत नाही,” हे आमच्या ताईचं पालुपद. शाळेत, घरी, आजारपणातसुद्धा. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आज मोठमोठ्या जागी बसली आहेत, हे मी तिचा भाऊ म्हणून छाती फुगवून सांगतो. पण वार्षिक परीक्षा जवळ आली की ती घरी कशी यायची, तेही मीच पाहिलंय. पिळून दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखी. लेक काही सांगायला आली की नुसता हात वर करायची. आत्ता नको.

ती लेकही पुढे शिक्षिकाच झाली. ताई निवृत्त झाली आणि गाडा लेकीच्या खांद्यावर आला.

परवा परीक्षेच्या तोंडावर ताई आणि मी लेकीकडे गेलो. जेवायच्या टेबलावर सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग, शेजारी गार झालेला चहा आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधून बसलेली भाची.

“मामा, बसा. आई, तू काही बोलू नकोस. निकाल लागला की मी नोकरी सोडतेय.”

ताईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “अगं, गाडा ओढल्याशिवाय...”

“तुझा गाडा माझ्या लहानपणावरून गेलाय, आई!”

मी खिडकीबाहेर बघू लागलो. अशा वेळी मामाला घरात जागा नसते.

टेबलावरचा चहाचा डाग ताई बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, “शेवटच्या वर्षी माझा घसा बसला होता, आठवतं?”

“आठवतं. मीच गरम पाणी करून देत होते.”

“ओरडता येईना, उभं राहवेना. खुर्चीत बसून हळू बोलले. पोरांनी बाकं पुढे ओढली. ज्यांना येत होतं ती दुसऱ्यांना समजावू लागली. राहिलेले धडे राहिले, कुणाचं काही अडलं नाही. त्या दिवशी घरी आले तर अंगात जीव होता. पोरं आपल्या पायांनी चालतात गं. मीच उगीच सगळ्यांना खांद्यावर घेतलं.”

“मग हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“कुठल्या तोंडानं सांगू? आयुष्यभर ओढलं ते उगीचच, हे लेकीपुढे म्हणायचं?”

“वा, बाई!” भाची म्हणाली. “पोरांनी चूक कबूल करायची आणि तुम्ही?”

“मला भोपळा दे,” ताई म्हणाली. “पण उद्यापासून तू बसून शिकव. राहील ते राहू दे. घरी येताना थोडी उरून ये.”

भाचीनं डोक्याचा रुमाल सोडला. “बघते बसून. निकालापर्यंत नोकरीचं काही बोलत नाही.” मग उत्तरपत्रिकांकडे बघतच म्हणाली, “पण माझ्यासाठी तू कधी उरली नाहीस, आई.”

ताई उठली. तिनं चपला घातल्या. मी उठू लागलो, तर म्हणाली, “तू बस तिच्याजवळ. मी जाते.”

जन्मभर घंटा झाल्यासारखी लगबगीनं चालणारी बाई कठडा धरून एकेक पायरी उतरली. भाची गॅलरीत आली, मी तिच्या मागे.

“हाक मारू का, मामा?”

“मार की.”

तिनं कठडा घट्ट धरला. खाली ताई कडेकडेनं चालत कोपऱ्यापर्यंत गेली आणि वर न बघता वळली.