शुभदा आणि गौरीचे कान

कुणाच्याही दारात आली की शुभदा बाहेरूनच विचारायची, "घरात काय चालू आहे? मिक्सर, कुकर, टीव्ही?" उत्तर मिळालं की मगच चार वर्षांच्या गौरीला घेऊन आत यायची. खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ती आमच्या शेजारी राहायला आली, तेव्हा बायकांनी तिला शिष्टच ठरवलं.

गौरीला ऑटिझम होता. कुकरची शिटी झाली की ती कान दाबून पलंगाखाली शिरायची. मग एका हिवाळ्यात उलटंच सुरू झालं. ती त्यांच्या घरच्या मिक्सरला गाल लावून उभी राहायची आणि तो थांबला की "पुन्हा" म्हणायची. तिचा पहिला स्पष्ट शब्द तो. आमच्या घरचा मिक्सर ऐकू आला की मात्र अजूनही किंचाळायची.

शुभदाच्या सासूबाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "काल कान झाकत होती, आज मिक्सरला चिकटून राहिली. नाटक करून राहिली पोरगी, अन् काय! आईचे लाड."

"आई, आपला मिक्सर ती स्वतः लावते," शुभदा म्हणाली. "कधी थांबवायचा ते तिच्या हातात असतं. दुसऱ्याचा आवाज अंगावर येतो तिच्या." झोप झाली नसली, ताप येणार असला की गौरीला सोसवत नाही, हेही तिने बघून बघून ओळखलं होतं. "कालची गौरी धरून आज चालत नाही," असं ती नेहमी म्हणायची. तिचा नवरा विनय त्यावर "अच्छा" म्हणून मोबाइलकडे वळायचा.

सिहोऱ्याला विनयच्या मामेभावाचं लग्न होतं. आम्हीही गेलो होतो. वरात निघताना शुभदा म्हणाली, "सकाळपासून ती अंगाला कपडा लागू देत नाहीये. आज नको."

"काहून नको? आता तर आवाज आवडतो तिला. चलो!" म्हणत विनयनेच मुलीला उचललं. डीजे सुरू होताच गौरी त्याच्या हातून निसटून रस्त्यावर डोकं आपटू लागली. त्याच्या मामाने तिला उचलून थेट स्पीकरसमोर धरलं. "नाच ना, आवडतो ना तुला?" लोक हसले. विनयही कसनुसा हसला. शुभदाने पोरीला अक्षरशः ओढून घेतलं. आम्ही दोघी गर्दीतून वाट काढत बसस्टँडवर पोहोचलो, तेव्हा तिच्या दंडावर गौरीच्या दातांचे वण उमटले होते.

त्यानंतर गौरीचा तो एकुलता एक शब्दही गेला. ती मिक्सरकडे बघेना, आईलाही हात लावू देईना. सासूबाई म्हणाल्या, "पाहा, आता मिक्सरही नको. मी म्हणत नव्हते, नाटक?"

त्याच आठवड्यात शुभदा गौरीला घेऊन नागपूरला माहेरी गेली. निघताना मला एवढंच म्हणाली, "तिला समजून घ्यायला मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आहे, ताई. इथे नाही जमणार."

सासूबाई आता सांगत फिरतात, सुनेने घर मोडलं. परवा विनय भेटला. "ताई, गौरी बोलते का हो आता?" त्याने मला विचारलं.

"बोलते थोडं," मी म्हटलं. "जाऊन ऐक की."

"बघू, रजा मिळाली तर," तो म्हणाला.

ते बघणं दोन वर्षं चाललं आहे.