मित्राच्या घरचा प्रोजेक्टर

तापलेल्या दिव्यावर धूळ जळल्याचा वास आला, की मला लातूरमधल्या मित्राच्या घरची ती भिंत दिसते, भूकंपात पडलेली भेग सिमेंटने बुजवलेली. आम्ही दोघांनी मिळून क्लासेस काढले होते. फिजिक्स मी शिकवायचो, कारभार तो बघायचा. आजारी पोरांचं बुडू नये म्हणून त्याने माझे सगळे तास कॅमेऱ्यात घेऊन ठेवले होते. एकदा म्हणाला, "सर, घरी पिक्चर बघायला प्रोजेक्टर घेतलाय, तेवढा बसवून द्या." मी पडदे ओढले, प्रोजेक्टरखाली पुस्तकं सरकवून चौकट सरळ केली. त्याने सीडी घातली आणि भिंतीवर मीच शिकवायला लागलो, अंधुक. हौसेने भिंग फिरवत मी माझा चेहरा स्वच्छ केला. "लई साफ दिसायलंय," तो म्हणाला. "आता अहमदपूरच्या नव्या ब्रँचला हेच लावू, इथंबी हेच. उद्यापासून तुम्ही आराम करा, सर." चहा ठेवताना वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यांना आधीच माहीत होतं. परवा जावयाने घरी प्रोजेक्टर आणला. "मामा, जरा फोकस बघता का?" मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही.