वामेचं हाड

माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा अपमान एका माशापायी झाला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. आमच्याकडे मायक्रोस्कोप होते, पण त्यांच्या भिंगांवर बुरशी चढलेली. पेशी कुठली आणि बुरशी कुठली, हे मुलींना मीच सांगायचे, तेही अंदाजानं.

त्या वर्षी गावात एक कार्यशाळा भरली. काम सांगायला सोपं होतं. माशांच्या शरीररचनेची माहिती संगणकावरच्या एका मोठ्या तक्त्यात भरायची. उभ्या रकान्यांत एकेक हाड, आडव्या ओळींत एकेक मासा. हाड असलं तर एक, नसलं तर शून्य, आणि कळायला मार्ग नसला तर प्रश्नचिन्ह. देशोदेशींचे मासे असे जमले, की कोण कुणाचा सोयरा आणि कुठली शाखा कुठून फुटली, ते ताडून बघता येणार होतं. बाहेरून आलेले एक मोठे सर प्रमुख होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘जे पाहाल तेच भरा.’ मला माणूस आवडला. पुढं ते म्हणाले, की ज्या कॉलेजची ओळ पूर्ण होईल त्याला प्रकल्पातून नवा मायक्रोस्कोप मिळेल. मी मनातल्या मनात तो आमच्या खिडकीपाशी मांडूनही टाकला.

आमच्या वाट्याला पंचगंगेतली वाम आली. सापासारखी लांब, गुळगुळीत, हातात न ठरणारी. माझ्या आधीच्या प्राध्यापकांनी कधीकाळी बरणीत घालून ठेवलेली ती वाम मी घेऊन गेले. मासा रसायनांत ठेवून त्याचं मांस पारदर्शक करायचं आणि हाडं लाल रंगवायची, अशी पद्धत असते. तो रंग हाडातल्या चुन्याला धरतो. इतरांचे मासे कुठं कमी, कुठं जास्त रंगले. माझी वाम काढली, तर सगळी फिक्कट. डोक्याशी जरा गुलाबी झाक, बाकी काही नाही.

मला लगेच उमगलं. मासा टिकवायच्या फॉर्मॅलिनचा आंबटपणा मारायला टाकणखार घालतात, तो या बरणीत घातलेलाच नव्हता. जुनं फॉर्मॅलिन आंबट होतं आणि हाडातला चुना हळूहळू खाऊन टाकतं. म्हणजे हाड नव्हतं असं नाही. असलेलं हाड बरणीनं खाल्लं असेल. मी प्रश्नचिन्हं भरायला बसले.

शेजारी माझी इचलकरंजीची मैत्रीण होती. जैन घरातली, घरी कांदाही चिरायची नाही आणि प्रयोगशाळेत मासा असा फाडायची की बघत राहावं. तिनं माझ्या पडद्याकडे बघितलं.

“अगं, हे काय मांडलंयस? रंगलं न्हाय म्हंजे हाड न्हाय. टाक की शून्य आन् हो मोकळी.”

“रंगलं न्हाय म्हंजे रंगलं न्हाय, एवढंच.”

“तू म्हंजे ना, सरळ काम वाकडं करणार.”

हे तिच्या एकटीचं नव्हतं. जिथं रंग धरला नव्हता तिथं सगळा हॉल शून्यं टाकत होता. यात लबाडी नव्हती, सवय होती. आम्ही सगळे परीक्षांतून वर आलेले. पेपर कोरा ठेवायचा नाही, काहीतरी खरडायचं, तपासणारा अर्धा गुण तरी देतो. तपासणारेही आम्हीच, आणि आम्ही तो अर्धा गुण देतही होतो. अशा माणसांच्या हाती तक्ता दिला, की त्यांना प्रश्नचिन्ह म्हणजे न लिहिलेलं उत्तर वाटणारच.

मला मात्र ते शून्य टाकवेना. त्यामागं माझं स्वतःचं दुखणं होतं, ते सांगूनच टाकते. मी कसबा बावड्याच्या शाळेत शिकले. वडील साखर कारखान्यात कामगार. आम्ही बौद्ध घरातली पोरं मागं बसायचो. एक गुरुजी हजेरी घेताना आमच्या नावांशी आले की मान वर न करता ‘गैरहजर’ म्हणायचे आणि पुढं जायचे. मी ‘हजर’ म्हणेपर्यंत त्यांचं लिहून झालेलं असायचं. हे कळल्यावर आई कामावरचा खाडा करून शाळेत आली. दारातूनच ओरडली, “गुरुजी, मान वर करून बगा की! पोरगी तुमच्या डोळ्याम्होरं बसलीया, आन् तुमी न्हाय म्हणून लिवताय व्हय?” त्या दिवशी मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. आता तिच्याइतका अभिमान मला कुणाचाच वाटत नाही.

शेवटच्या दिवशी तक्ता भिंतीवर दाखवला. एक आणि शून्य, एक आणि शून्य, सगळं कसं टापटीप. मधेच माझी ओळ, जोंधळ्याच्या कणसात काणीचे काळे दाणे पडावेत तशी प्रश्नचिन्हांनी भरलेली.

“या बाईंचा मासा बहुतेक अजून जन्मायचा आहे,” सर म्हणाले. हॉल हसला. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले.

सरांनी खांद्याच्या कमानीला कवटीशी जोडणाऱ्या एका चपट्या हाडाचा रकाना दाखवला. “हे तरी भरा. वामेच्या भाऊबंदांत हे हाड नसतं, पुस्तकात स्पष्ट आहे.”

“चुलत भावाला मिशी नाही म्हणून याला नाही, असं कसं लिहू?”

“पण तुमच्या माशात दिसत नाही ना?”

“सर, माझ्या माशात फासळ्याही रंगल्या नाहीत. मग त्यांनाही शून्य टाकू?”

“फासळ्या असतात हे आपल्याला माहीत आहे.”

“माहीत आहे ते भरायचं, का बघितलं ते? फळ्यावर तुम्हीच लिहिलंत.”

सरांचा चेहरा उतरला नाही, उलट थंड झाला. “अपूर्ण ओळी आपण काढून टाकणार आहोत. तुम्ही आत्ता शून्यं भरलीत, तर ठेवतो.”

मला बुरशी चढलेली भिंगं आठवली, वाकून वाकून बघणाऱ्या मुली आठवल्या. “नाही,” मी म्हणाले.

ओळ गेली. आमची नदी तक्त्यातून गेली, आमच्या वाट्याचा मायक्रोस्कोप दुसऱ्या कॉलेजला गेला. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, “एवढं काय सोनं लागलं होतं त्या प्रश्नचिन्हाला?” मी तिथून निघाले. बाजारात जाऊन ताजी वाम घेतली.

या खेपेला टाकणखार घालून नवं फॉर्मॅलिन केलं. मांस पारदर्शक व्हायला, रंग मुरायला बरेच आठवडे गेले. फासळ्या अशा लालभडक उठल्या, की मी एकटीच टाळी वाजवली. मग हातातल्या भिंगानं बघत खांद्यापाशी आले. ते चपटं हाड नव्हतं. दुसऱ्या बाजूनं बघितलं, तिथंही नव्हतं. आणखी एक वाम आणून सगळं पुन्हा केलं. नव्हतं म्हणजे नव्हतंच. मला राग आला, तोही माशाचा.

मैत्रीण खो खो हसली. “म्हंजे सर बरोबरच होते की! आता गप बस, कुणाला सांगू नगंस.”

गप्प बसणं सोपं होतं. पण गप्प बसायचंच असतं तर हॉलमध्येच बसले असते. पुढच्या बैठकीला सर कोल्हापुरात आले, तेव्हा ती वाम काचेच्या थाळीत घालून मी त्यांच्या टेबलावर ठेवली.

“हाड नाही, सर. दोन माशांत बघितलं.”

ते मनापासून हसले. “मग मी काय सांगत होतो? एवढा खटाटोप करून तुम्हीही शून्यावरच आलात ना?”

“आले. पण तुमच्या शून्याखाली पुस्तक आहे, माझ्या शून्याखाली मासा आहे. आता आमची ओळ परत घाला. आणि बाकीची शून्यं कुणी कुणी बघून टाकलीत, तेही विचारा.”

सरांचं हसू थांबलं. त्यांनी तक्ता उघडला. आमची ओळ त्यांनी त्याच दिवशी घातली. बाकीच्यांना विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, “चला, पहिल्या ओळीपासून विचारू.”