अय्यांनी दिलेली दीक्षा

सोलापुरात आमच्या लिंगायत गल्लीत मूल जन्मलं की त्याला दीक्षा द्यायला, गळ्यात लिंग बांधायला अय्या, म्हणजे आमचे जंगम गुरू, यायचे. नेमाला फार कडक. मिलमधून येऊन मी तसाच पाया पडायला वाकलो, की दोन पावलं मागं सरायचे. "आधी अंगावर पाणी घे की रे!" मग मी, दहा माणसांवर ओरडणारा मुकादम, मुकाट न्हाणीत पळायचो.

आमची चौथी मुलगी जन्मली ती रडलीच नाही. मेलेल्या जिवाला दीक्षा देत नाहीत, आणि लिंग न बांधलेल्याला आमची म्हातारी मंडळी आमच्या स्मशानात पुरू देत नसत. बायको एकच विचारत होती, "मग तिला कुटं ठेवणार ओ?"

अय्यांनी पोरीच्या नाकाशी बोट धरलं. दारातल्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "श्वास हाय की. पाणी आणा."

त्यांनी भस्म लावलं, कानात मंत्र सांगितला, लिंग बांधून गाठ ओढून पाहिली.

मी तिला आधीच उचलून पाहिलं होतं. थंडगार होती. म्हाताऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मी म्हणालो, "व्हय, हाय श्वास."

मग अय्या हळूच म्हणाले, "आता गेली."